एसडब्ल्यूआर वाढला म्हणून रेडियल काढू नका: ट्रॅप व्हर्टिकल जुळवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हौशी (हॅम) रेडिओच्या १०, १५, २०, ४० आणि ८० मीटर अशा पाच बँडचा ट्रॅप व्हर्टिकल, म्हणजे मध्ये कॉइल-कपॅसिटरचे ट्रॅप असलेला उभा अँटेना, जमिनीलगत उभा केला. खाली चार रेडियल (बुडातून चहूकडे पसरलेल्या तारा) टाकले तेव्हा २० मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळतो त्याचा आकडा; १ म्हणजे अचूक) १.१ होता. मग हौसेने आणखी वीस रेडियल अंथरले, तर तोच आकडा १.४ झाला आणि रेझोनन्सही जागेवरून हलला. ८० मीटरवर आधी दोनशे किलोहर्ट्झभर दोनच्या आत एसडब्ल्यूआर मिळत होता, आता ती खिडकी एकदम अरुंद झाली. तुम्ही ४० पासून जुळवायला घेतलंत आणि मग २० कडे गेलात, पण एक बँड सरळ केला की दुसरा बिघडतो. तेव्हा नवे रेडियल काढून टाकावेत का?

अजिबात काढू नका. तुमचा अँटेना बिघडलेला नाही, सुधारला आहे. मीटरवरचा आकडा वाईट झाला, एवढंच.

जमीन अगदी आदर्श असती, तर पाव तरंगलांबीच्या उभ्या अँटेनाचा फीडपॉइंटवरचा (केबल अँटेनाला जोडते तिथला) रोध साधारण ३६ ओहम भरला असता. आपली केबल ५० ओहमची. ५० ला ३६ ने भागा, १.४ येतं. म्हणजे तोटा नसलेल्या व्हर्टिकलचा एसडब्ल्यूआर रेझोनन्सवर १.४ च्या आसपासच असायला हवा. तुमच्याकडे आधी १.१ येत होता, कारण अँटेनाच्या रोधात जमिनीचा रोध मिसळला होता. समजा ३६ ओहममध्ये जमिनीचे १४ ओहम मिळाले, तर बेरीज बरोब्बर ५० होते आणि मीटर १.० दाखवतो. पण त्या ५० पैकी १४ ओहममध्ये जाणारी शक्ती माती गरम करते. कार्यक्षमता झाली ३६ भागिले ५०, म्हणजे ७२ टक्के. रेडियल वाढवल्यावर हे १४ ओहम कमी झाले, बेरीज खाली आली आणि एसडब्ल्यूआर वर गेला. ट्रॅपमुळे अँटेनाची उंची पूर्ण पाव तरंगलांबीपेक्षा कमी असते, म्हणून तुमच्या बाबतीत मूळ आकडा ३६ पेक्षाही थोडा खाली असणार. २० मीटरवर १.४ ही चांगली बातमी आहे.

८० मीटरवर हीच गोष्ट फार ठळक दिसते. सात-साडेसात मीटर उंचीचा अँटेना ८० मीटरवर तरंगलांबीच्या जेमतेम नऊ टक्के आहे. एवढ्या आखूड अँटेनाचा उत्सर्जन रोध (ज्यातली शक्ती खरोखर लहरी बनून बाहेर जाते तो भाग) काही मोजके ओहमच असतो. खाली २० ओहम जमिनीचा तोटा असेल, वर कॉइलचा तोटा असेल, तर पाठवलेल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेतच जातो. तोटा वाढला की रेझोनन्सचा खड्डा पसरट होतो, म्हणून बँडविड्थ रुंद दिसते. आखूड, कॉइल लावलेला अँटेना ८० मीटरवर दोनशे किलोहर्ट्झ सहज झाकतोय असं दिसलं, की मी आधी खालची जमीन पाहतो. तुमची खिडकी अरुंद झाली याचा अर्थ तोटा कमी झाला. तेव्हा फक्त एसडब्ल्यूआर पाहणं सोडा आणि आर (रोध) आणि एक्स (रिॲक्टन्स, म्हणजे कॉइल किंवा कपॅसिटरसारखा अडथळा) वेगवेगळे वाचायची सवय लावून घ्या. १.४ हा आकडा ३६ ओहमचाही असतो आणि ७० ओहमचाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण एसडब्ल्यूआर मीटरला तो दिसत नाही.

आता जुळवणीकडे. यात क्रमाला फार महत्त्व आहे आणि बहुतेकांचं तिथेच चुकतं.

लांबीला हात लावायच्या आधी जमीन पक्की करा. रेडियल वाढवले की रेझोनन्स हलतो, हे तुम्ही पाहिलंच. त्यामुळे चार रेडियलवर पाचही बँड जुळवून मग वीस वाढवायचे म्हणजे सगळी मेहनत दोनदा. जमिनीवर पसरलेले किंवा मातीखाली थोडे दाबलेले रेडियल कुठल्याही एका बँडसाठी मोजून कापायची गरज नसते. माती त्यांना इतकी खेचते की त्यांचा स्वतःचा रेझोनन्स उरतच नाही. तिथे संख्या मोठी करा. मोजकेच लांब रेडियल टाकण्यापेक्षा तीच तार जास्त, पण आखूड तुकड्यांत वाटली तर बहुधा फायदा होतो. अमेरिकेत ब्राउन, लुईस आणि एपस्टीन यांनी १९३७ साली याची पद्धतशीर मोजमापं प्रसिद्ध केली. मध्यम लहरींच्या प्रसारण केंद्रांच्या मनोऱ्यांखाली १२० रेडियल टाकायचा प्रघात त्यातूनच रुजला. आपल्याला १२० ची गरज नाही. चारवरून सोळावर जाताना जो फरक पडतो, तो बत्तीसवरून चौसष्टवर जाताना पडत नाही. तुमचे २४ उत्तम आहेत.

अँटेना गच्चीवर किंवा खांबावर उंच असेल तर मात्र सगळं गणित बदलतं. हवेतले रेडियल स्वतः अँटेनाचा भाग असतात. प्रत्येक बँडसाठी पाव तरंगलांबीचे निदान दोन, जमल्यास चार हवेत आणि ते मोजूनच कापावे लागतात. ते खाली तिरके सोडले तर फीडपॉइंटचा रोध ५० च्या दिशेने चढतो. त्यांच्या टोकांवर ट्रान्समिट करताना मोठं व्होल्टेज असतं, तेव्हा टोकं कुणाच्या हाताला लागतील अशी ठेवू नका. मुलं खेळतात त्या जागेत तर मुळीच नको.

जमिनीनंतर पाळी केबलची. फीडपॉइंटला चोक (केबलच्या कवचावरचा प्रवाह अडवणारी गुंडाळी) नसेल तर केबलचं बाहेरचं कवच हाच आणखी एक रेडियल होतो, आणि तो शॅकपर्यंत, म्हणजे रेडिओच्या खोलीपर्यंत, येतो. मग तुम्ही जुळवता तो अँटेना नसतो, अँटेना अधिक केबल असते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. ॲनालायझर (अँटेना मोजायचं उपकरण) २० मीटरवर लावा, पडद्यावरचा एसडब्ल्यूआरचा खड्डा नीट दिसू द्या आणि मोकळ्या हाताने केबल मुठीत घट्ट धरा. मूठ हळूहळू केबलवरून पुढे सरकवा. चोक नीट असेल तर खड्डा ढिम्म हलत नाही. नसेल तर मुठीबरोबर तोही डावी-उजवीकडे सरकतो, खोल-उथळ होतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आदल्या तीन दिवसांतली मोजमापांची वही बाजूला ठेवली, कारण त्यातला एकही आकडा अँटेनाचा नव्हता. २.४ इंची टोरॉइडवर (फेराइटच्या कड्यावर), ३१ नंबरच्या मिक्सवर, आरजी-५८ केबलचे दहा-बारा वेढे घेतले की एचएफच्या (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या) बहुतेक बँडांवर काम भागतं. चोक फीडपॉइंटलाच हवा, शॅकमध्ये लावून उपयोग नाही.

मोजायचं कुठे? शक्यतो अँटेनाच्या बुडाशी. शॅकमधून मोजलं तर केबलचा तोटा अँटेनाचे दोष झाकून टाकतो. केबलमध्ये एका दिशेने ३ डेसिबल तोटा असेल, तर पलीकडचा अँटेना निखळून पडला तरी इकडे एसडब्ल्यूआर ३ च दिसेल. शिवाय आर आणि एक्स केबलच्या लांबीप्रमाणे बदलतात, तेव्हा शॅकमधल्या आकड्यांवरून अँटेनाच्या रोधाबद्दल काहीच कळत नाही. नॅनोव्हीएनए (एक छोटा ॲनालायझर) असेल तर केबल जोडून तिच्या अँटेनाकडच्या टोकाला ओपन, शॉर्ट आणि लोड लावून कॅलिब्रेशन करा, म्हणजे मोजमापाची रेषा त्या टोकावर येऊन बसते. दुसरी जुनी युक्ती म्हणजे विद्युतदृष्ट्या अर्ध्या तरंगलांबीची केबल. तिच्या एका टोकाचा रोध दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा दिसतो. ०.६६ व्हेलॉसिटी फॅक्टरच्या (केबलमधला लहरींचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) केबलसाठी ७.१ मेगाहर्ट्झला ही लांबी १३.९ मीटर भरते. तीच केबल १४.२ ला पूर्ण तरंगलांबी, २१.३ ला दीड आणि २८.४ ला दोन होते. म्हणजे एका तुकड्यात ४०, २०, १५ आणि १० असे चार बँड मोजता येतात. माझ्या पेटीत असा एक तुकडा कायम असतो.

नॅनोव्हीएनए जोडण्यापूर्वी अँटेनाचं फीडपॉइंटचं टर्मिनल जमिनीला टेकवून साठलेली स्थिर वीज उतरवा. कोरड्या वाऱ्यात उभ्या नळीवर एवढी साठते की नाजूक उपकरण जायबंदी होतं. जवळपास मोठं प्रसारण केंद्र असेल तर त्याचा सिग्नल आत शिरून आलेख दातेरी दिसतो. तो अँटेनाचा दोष समजू नका.

आता एक बँड सरळ केला की दुसरा का बिघडतो, ते पाहू. ट्रॅप म्हणजे कॉइल आणि कपॅसिटर समांतर जोडलेले. आपल्या बँडवर तो मोठा अडथळा होतो आणि वरचा सगळा भाग तोडून टाकतो. त्याहून खालच्या फ्रिक्वेन्सीला तो नुसत्या कॉइलसारखा वागतो, अँटेनाची विद्युत लांबी वाढवतो. तुमच्या अँटेनात सगळ्यात खाली १० मीटरचा भाग, त्यावर १० चा ट्रॅप, मग १५ चा भाग आणि ट्रॅप, मग २०, मग ४० आणि टोकाला ८० ची कॉइल. २८ मेगाहर्ट्झला, म्हणजे १० मीटरवर, फक्त खालची नळी काम करते. १५ वर खालची नळी, १० चा ट्रॅप आणि दुसरी नळी. ८० वर सगळंच. म्हणून खालची नळी हलवली तर पाचही बँड हलतात, टोक हलवलं तर फक्त ८०. यातून क्रम आपोआप ठरतो: १०, १५, २०, ४०, ८०. तुम्ही ४० पासून सुरुवात केलीत आणि नंतर २० ला हात घातलात, त्यामुळे ४० पुन्हा गेला. ८० ची कॉइल मात्र ४० जुळवतानाही जागेवर असू द्या. ती नंतर चढवली की ४० खाली सरकतो.

हा क्रम ओळीत ट्रॅप असलेल्या अँटेनाचा आहे. एकाच बुडातून वेगवेगळ्या लांबीच्या तारा निघतात अशा व्हर्टिकलला, किंवा पूर्ण उंची सर्व बँडांवर वापरून कॉइल-कपॅसिटरने जुळवणी करणाऱ्या व्हर्टिकलला तो लावू नका. तिथे निर्मात्याच्या पुस्तिकेतला क्रमच पाळा.

किती सरकवायचं, याचा अंदाज असला की फेऱ्या वाचतात. पाव तरंगलांबीची लांबी मीटरमध्ये साधारण ७१.३ भागिले मेगाहर्ट्झ. २८.५ ला ती अडीच मीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला साधारण ११४ किलोहर्ट्झ. १४.२ ला पाच मीटर, सेंटिमीटरला २८ किलोहर्ट्झ. ७.१ ला दहा मीटर, सेंटिमीटरला सातच. पण हे पूर्ण लांबीच्या अँटेनाचे आकडे. ट्रॅपच्या अँटेनात १० मीटरच्या भागापुरते ते बऱ्यापैकी लागू पडतात, वरच्या भागांत नाही. म्हणून मी प्रत्येक भाग आधी मुद्दाम दोन सेंटिमीटर हलवतो, रेझोनन्स किती किलोहर्ट्झ सरकला ते लिहितो, आणि मग त्रैराशिक मांडून थेट हव्या जागी नेतो. दोन हालचालींत बँड बसतो. हलवण्यापूर्वी नळीवर पक्क्या शाईच्या पेनने खूण करा. नळी आत ढकलली की फ्रिक्वेन्सी वर जाते, बाहेर ओढली की खाली येते. थकलेल्या संध्याकाळी हेही उलटं होतं, तेव्हा लिहून ठेवलेलं बरं.

रेझोनन्स म्हणजे जिथे एक्स शून्य होतो ती फ्रिक्वेन्सी. सर्वात कमी एसडब्ल्यूआरची फ्रिक्वेन्सी तीच असेल असं नाही. १०, १५, २० वर दोन्ही एवढ्या जवळ असतात की फरक पडत नाही. ८० वर पडतो. बँडचा कुठला भाग वापरता तेही आधी ठरवा. तुम्ही मोर्स पाठवत असाल तर बँडच्या मधोमध रेझोनन्स आणून काय उपयोग?

प्रत्येक मोजमाप अँटेना पूर्ण उभा करून, क्लॅम्प आवळून आणि तुम्ही निदान काही पावलं मागे जाऊन घ्या. आडवा किंवा अर्धवट कललेला अँटेना जमिनीच्या इतका जवळ असतो की त्याचे आकडे निरर्थक ठरतात. शेजारी टेकवलेली ॲल्युमिनियमची शिडीही रेझोनन्स ओढते. उभा-आडवा करणं कंटाळवाणं आहे, हे मान्य. म्हणूनच त्रैराशिक. वीजतारांपासून मात्र एवढं अंतर ठेवा की अँटेना कुठल्याही दिशेला पडला तरी तिथे पोहोचणार नाही. यात तडजोड नाही.

पाचही बँड झाले की पुन्हा १० पासून एक फेरी मारा. या वेळी फक्त मोजा. दहा-वीस किलोहर्ट्झचा फरक दिसला तर सोडून द्या. ओल्या जमिनीत आणि कोरड्या जमिनीत खालचे बँड तेवढे हलतातच.

८० मीटरबद्दल थोडं अधिक, कारण आता तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. रेडियल वाढवल्यावर रेझोनन्सवर आर समजा २० ओहम आला. एसडब्ल्यूआर २.५. इथे तोटा परत वाढवून आकडा सुंदर करण्यापेक्षा बुडाशी जुळवणी करा. टोक थोडं आखूड करून अँटेना किंचित कपॅसिटिव्ह (एक्स उणे) ठेवायचा आणि फीडपॉइंटपासून रेडियलच्या पट्टीपर्यंत एक छोटी कॉइल समांतर जोडायची. २० ओहमसाठी लागणारा एक्स उणे २४.५ ओहम आणि कॉइलचा रिॲक्टन्स सुमारे ४१ ओहम, म्हणजे ३.६५ मेगाहर्ट्झला १.८ मायक्रोहेन्री. जाड तांब्याच्या तारेची हवेतली कॉइल करा आणि वेढे ताणून-दाबून जुळवा. हीच कॉइल १४ मेगाहर्ट्झला १५८ ओहमची होते, त्यामुळे वरच्या बँडांवर तिचा परिणाम सौम्य असतो, पण असतो. ती लावल्यावर २० आणि ४० पुन्हा पाहून घ्या. अँटेनावर साठणारी स्थिर वीजही याच कॉइलमधून जमिनीत उतरते, हा वरचा फायदा. शॅकमधला ट्यूनर रिगला (रेडिओ संचाला) समाधान देईल, पण केबलवरचा एसडब्ल्यूआर तसाच राहतो. ८० मीटरला, चांगल्या केबलवर, ते चालण्यासारखं आहे. २८ मेगाहर्ट्झला लांब पातळ केबलवर नाही.

सगळं जुळल्यावरही कधी कधी एखादा बँड आकडे धरत नाही. कमी शक्तीवर एसडब्ल्यूआर ठीक, पण शंभर वॅट सोडून चार-पाच सेकंद झाली की वर चढायला लागतो. हे ट्रॅपचं लक्षण आहे: आत काही तरी तापतंय किंवा ठिणगी पडतेय. ट्रॅप आपल्या बँडवर रेझोनन्सच्या जवळ असतो, तेव्हा त्याच्यावरचं व्होल्टेज सर्वाधिक असतं, म्हणून दोष त्याच बँडवर दिसतो. माझ्या १५ मीटरच्या ट्रॅपने एकदा असंच सतावलं. खाली उतरवून पाहिला, तर पाणी निघून जायचं छोटं भोक कुंभारीण माशीने मातीचं घर करून पक्कं बुजवलं होतं. टाचणीने माती काढली आणि ट्रॅप हलवला, तर आतून पाण्याचा खळखळ आवाज आला. धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून परत चढवला आणि एसडब्ल्यूआर जागेवर आला. तेव्हा ट्रॅप बसवताना भोक खालच्या बाजूला आहे ना, हे तपासा, आणि वर्षातून एकदा ते मोकळं आहे का हेही पाहा. तेव्हाच नळ्यांचे जोड उघडून पुसा आणि आत विद्युतवाहक अँटिऑक्सिडंट पेस्टचा पातळ हात द्या. तांब्याची रेडियल तार ॲल्युमिनियमला थेट आवळू नका, मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घाला. नाहीतर पहिल्या पावसातच जोड पांढरा पडायला लागतो आणि आर हळूहळू वर सरकत राहतो. त्याने एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा वाटतो, हेही लक्षात असू द्या.

तुम्ही आता एवढं करा: २४ रेडियल तसेच ठेवा, फीडपॉइंटला चोक लावा, मुठीची परीक्षा घ्या आणि १० मीटरपासून सुरुवात करा. ८० पर्यंत पोहोचलात की रेझोनन्सवरचा आर लिहून घ्या. कॉइलचे वेढे त्या आकड्यावरूनच ठरतील.